सलोमीची डोकेदुखी

"आजी, पुढच्या खेपेला पाय घरीच ठेवून या," मी म्हणाले. "नाहीतरी तुम्हाला तो नकोच झालाय."

बजाबाई हसल्या. तळपायाला हे एवढं भोक पडलेलं, करंगळीच्या बुडाशी मांस काळवंडायला लागलेलं, आणि बाई हसतात! शुगरवाल्यांचं हेच मला सोसत नाही. जिथं दुखायला पाहिजे तिथं त्यांना दुखतच नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतं. मग डॉक्टर बोट काढायचं म्हणाले की सगळं घर माझ्या ड्रेसिंगच्या खोलीबाहेर रडत बसतं.

मी प्रभा साळवे. या दवाखान्यात ड्रेसिंगला असते. माझ्या तोंडाला पेशंट घाबरतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जखमा औषधानं जितक्या भरतात तितक्याच ओरडण्यानंही भरतात, हा माझा अनुभव आहे.

"चप्पल कुठाय?"

"घरात हाय की."

"घरात काय पूजा मांडलीय तिची? डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, मुलानं मऊ चप्पल आणून दिली. बाहेर डांबर बघा कसं वितळतंय! अजून मार्च सरला नाही आणि तुम्ही अनवाणी फिरताय."

"सिद्धरामनं आनली, लई झ्याक हाय. कंपनीतनं सुटल्यावर तसाच दुकानात गेल्ता बिचारा. पन घालता येत न्हाय, बाई. बोलून बसलीय मी."

"काय बोलून बसलाय?"

"नवस."

मी कापूस बुडवता बुडवता कपाळाला हात लावणार होते, पण हातात मोजे होते. आमच्या घरी नवस नसतो, आम्ही प्रार्थना करतो. तरी नवसाला मी कधी नावं ठेवत नाही. पण नवसानं पाय जायची वेळ आली तर तोंड कसं आवरायचं माणसानं?

"संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंला गेल्तो सगळी," बजाबाई सांगायला लागल्या. "तवा सिद्धेश्वराला म्हनलं, बाबा, पोरीचं डोकं थांबू दे. थांबस्तवर पायात काय घालनार न्हाय."

"कुणाचं डोकं? नातीचं?"

"न्हाय वो. पिंकी आमची धडधाकट हाय. तिच्या मैत्रिनीचं. लई ग्वाड पोर हाय म्हनं. पन रोज दुपारी डबा उगडला की कपाळ धरून बसती. डोळं मिटून. रोज! पिंकी घरी येऊन सांगती, आजे, आज बी दुखत हुतं तिचं. कवळी पोर वो. आई-बाप बगत्यात का न्हाय कुनाला ठावं."

"नाव काय त्या पोरीचं?"

"त्ये काय की... सलोमी. तुमच्यातलीच हाय वाटतं, किरिस्ताव."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. सोलापुरात सलोम्या असतील आणखी. पण पिंकी नावाच्या मैत्रिणीबरोबर अकरावी कॉमर्सच्या वर्गात बसून डबा खाणारी सलोमी एकच. ती माझ्या पोटची. पिंकीचं नाव आमच्या घरात उठता-बसता निघतं, पण तिच्या आजीचा पाय दिवसाआड माझ्याच टेबलावर येतो, हे मला कुठून कळणार?

आणि डोकं! माझ्या पोरीचं डोकं जन्मात दुखलेलं नाही. तिच्यापायी दुखतं ते माझं. मी पट्टी बांधली, चिकटपट्टी लावली आणि "परवा या" एवढंच म्हणाले. बाहेर बाकावर बसलेले पंचाक्षरी मास्तर दारातून डोकावले आणि म्हणाले, "सिस्टर आज गप्प? तब्येत बरी आहे ना?"

घरी आम्ही दोघीच असतो. हिचे वडील वैरागच्या शाळेत शिकवतात, ते शनिवारी येतात. संध्याकाळी मी पोचले तर बाईसाहेब खाटेवर पालथ्या पडून मोबाइल बघत होत्या.

"डोकं कसंय?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"तुझं."

"माझं? बरंय की. का गं?"

"डबा उघडला की दुखतं म्हणे."

मोबाइल खाली गेला. पोरीचा चेहरा असा उतरला की मला पुढं काही विचारायची गरजच उरली नाही.

आमच्या घरात आभार मानल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. सलोमी बोबडं बोलायची तेव्हापासून तिला ही सवय आहे. शिवाय रविवारी दुपारी चर्चमध्ये मी तरुण संघ चालवते. आठवी ते बारावीची पोरं-पोरी असतात. त्यांना मी काय सांगते? मित्रांमध्ये वेगळं दिसायची भीती वाटली तरी आपला विश्वास लपवू नका. आणि उदाहरण कुणाचं देते? "आमची सलोमी बघा, अख्ख्या वर्गापुढं डोळे मिटते!" येत्या तरुणांच्या रविवारी ती चर्चच्या सगळ्या मंडळीपुढं उभी राहून साक्ष देणार होती, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणार होती. विषयही मीच ठरवला होता: मित्रमंडळींत प्रार्थना. घ्या आता!

"अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात झालं ते," सलोमी म्हणाली. "मी डोळे मिटले तर इंद्रजीत म्हणाला, काय गं, डब्याला विनवतीयस व्हय, वांग्याची बटाट्याची भाजी हो म्हणून? सगळे हसले. मी पण हसले. आणि म्हणाले, नाही रे, डोकं दुखतंय."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पण दुखायला लागलं."

मला हसू फुटणार होतं, ते मी महत्प्रयासानं दाबलं. तिचे डोळे भरले होते.

"प्रार्थना नाही सोडली मी, आई. शपथ. एक दिवस नाही सोडली. फक्त कपाळावर हात ठेवून करत होते. आणि इंद्रजीत वाईट नाहीये गं. त्यानं आपलं सहज म्हटलं."

"आणि पिंकी?"

"ती बाम आणायला लागली. मग आल्याच्या वड्या. चष्म्याच्या दुकानात पण घेऊन गेली मला. तिला कधी सांगणार होते मी? बाम लावून घेतल्यावर?"

मी खूप बोलले मग. काय काय बोलले ते लिहीत नाही, शेजारच्यांनी ऐकलं तेवढं पुरे. शेवटी दमले आणि तिला बजाबाईंचं सांगितलं. नवस, डांबर, तळपायाचं भोक, काळी पडत चाललेली करंगळी. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "पाय बरा होईल ना?"

"चप्पल घातली तर होईल कदाचित. नाही घातली तर नाही होणार."

"मग तू सांग ना त्यांना. तू सिस्टर आहेस. तुझं ऐकतील."

मलाही तेच बरं वाटलं. आपलं लेकरू भर लोकांत उघडं पडू नये, असं कोणत्या आईला वाटत नाही?

पुढच्या ड्रेसिंगला बजाबाईंचा मुलगा त्यांना सोडून चिंचोळीला कंपनीत निघून गेला होता. मी टेबलाजवळ स्टूल ओढून बसले आणि सरळ सांगितलं की सलोमी माझी मुलगी आहे आणि तिचं डोकं दुखत नाही.

"अगं बया! तुमी तिची आई?" बजाबाईंनी माझा हातच धरला, मोज्यासकट. "आन मी काय-बाय बोलले तुमास्नी, आई-बाप बगत्यात का न्हाय म्हनून. राग मानू नगा हां."

"राग नाही, आजी. पण ऐका. तिचं डोकं दुखत नाही. ती प्रार्थना करते जेवायच्या आधी. लाजून डोकं दुखतं म्हणाली. तुम्ही चप्पल घाला."

त्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "तुमी माज्या पायापायी सांगताय हे. कळतंय मला. सोताच्या लेकराला खोटारडी म्हनाया निगाला माज्यासाठी! पन नवस आसा सुटत न्हाय, बाई. पोरीनं सोताच्या तोंडानं मला सांगू दे, दुखत न्हाय म्हनून. तवर न्हाय."

झालं. खरं बोलले तर ती माझी थोरवी ठरली.

आणि एक सांगते. आमचे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. त्या दिवसांत मी मटण सोडते, आणि सोडलंय हे चर्चमध्ये चौघींना तरी ऐकवते. ही बाई जिला कधी पाहिलंही नाही अशा पोरीसाठी, दुसऱ्या धर्माच्या, जानेवारीपासून पाय भाजत होती आणि मी विचारलं नसतं तर बोललीही नसती. माझ्या लेकरासाठी कुणीतरी असं देवापुढं बसलंय, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी पट्टी फार जपून बांधली.

घरी सलोमीला निरोप सांगितला.

"म्हणजे पिंकीसमोर?" ती म्हणाली. परीक्षा जवळ आल्यानं कॉलेज लवकर सुटायचं आणि आता पिंकीच आजीला घेऊन येणार होती.

"पिंकीसमोर."

"ती परत बोलणार नाही माझ्याशी."

"नसेल बोलणार."

"कॉलेजात सगळ्यांना कळेल."

"कळेल."

"तू तरुण संघात असं नाही बोलत," ती चिडून म्हणाली. "तिथं म्हणतेस, देव सांभाळतो."

"सांभाळतो गं. पण तोंड आपल्यालाच उघडायला लागतं."

तिनं उशी भिंतीवर फेकली. मग म्हणाली, "रविवारचं माझं नाव काढून टाक."

"काढलंय."

मी तिला दवाखान्यात ये म्हणाले नाही. ड्रेसिंग दुपारी आहे एवढंच सांगितलं. दुसऱ्याच्या पोरांना मी पुष्कळ ढकललंय, पण हिला ओढून नेलं असतं तर ते बोलणं माझं झालं असतं, तिचं नाही. सकाळी ती न बोलता डबा घेऊन गेली. मी बसमध्ये उभ्या उभ्या तिच्यासाठी प्रार्थना केली. डोळे उघडे ठेवून केली, कारण सात रस्त्याला कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडतो.

दुपारी बजाबाई टेबलावर बसल्या होत्या, पिंकी त्यांना धरून उभी होती. पिंकी म्हणजे दोन वेण्या, मोठे डोळे आणि तोंड सतत चालू. "सिस्टर, हळू हां, तिला कळत नाही पण मला कळतं." बाहेर बाकावर पंचाक्षरी मास्तर आणि आणखी चार-सहा जण. तेवढ्यात दारात सलोमी आली. उन्हातनं सायकल मारत आलेली, तोंड लालबुंद.

"अगं, तू हितं?" पिंकीला आनंद झाला. "आजे, हीच ती!"

मी दार लावायला उठले. सलोमी म्हणाली, "राहू दे, आई."

ती बजाबाईंच्या पायाशी आली. जखम उघडीच होती. तिनं ती वाकून नीट पाहिली. मी ओठ चावून गप्प राहिले. आयुष्यात एवढी गप्प मी कधी राहिले नसेन.

"आजी, माझं डोकं दुखत नाही."

"थांबलं?"

"नाही. दुखतच नव्हतं. कधीच नाही. मी जेवायच्या आधी येशूचं नाव घेऊन प्रार्थना करते. एकदा सगळे हसले म्हणून खोटं सांगितलं, आणि मग रोज सांगत राहिले."

"म्हंजे येक दिस बी दुखलं न्हाय?"

"नाही, आजी."

बजाबाईंनी वर छताकडं बघून हात जोडले. "पावलास रं बाबा!"

"आजी, अहो, मी खोटं बोलले—"

"कळलं गं मला. म्हातारी हाय, येडी न्हाय मी. पोरीचं डोकं धड हाय, मला आनि काय पायजे?" मग त्यांनी सलोमीची हनुवटी धरून तोंड वर केलं. "पन येक सांग मला. देवाचं नाव घ्याया लाजतीस व्हय? मी भर मंडईत भेंडी निवडता निवडता बाबाचं नाव घेती. कुनाच्या बापाचं काय जातंय?"

बाहेर मास्तर मोठ्यानं हसले. सलोमीला आता रडू आवरेना. आणि त्या सगळ्यात पिंकी एकटी गप्प होती.

"पिंके," सलोमी म्हणाली.

"मी रोज घरी जाऊन सांगत होते," पिंकी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "अजून दुखतंय, आजे. अजून दुखतंय. माझ्या सांगण्यावरनं अनवाणी चालत राहिली ती. मला सांगितलं असतंस तर इंद्याचं तोंड मी बंद केलं असतं. मला सांगायचंस ना गं."

तिनं दप्तरातून एक पिशवी काढली. आत ती मऊ चप्पल होती. आजी दवाखान्यात तरी हो म्हणेल म्हणून दप्तरात घालून आणली होती पोरीनं. ती टेबलाखाली ठेवली आणि बाहेर निघून गेली. मी पट्टी बांधली आणि सलोमीनं खाली बसून बजाबाईंच्या पायात चप्पल घातली.

करंगळी मात्र राहिली नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी ती काढली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस अनवाणी चालल्या असत्या तर घोट्यापासून काढावा लागला असता. मी त्या रविवारी चर्चमध्ये उभी राहिले आणि एका आजींच्या पायासाठी देवाचे उपकार मानले. पुढं मंडळीला बरंच काही समजावून सांगायचा माझा विचार होता, पण तेवढंच म्हणून मी खाली बसले. मंडळीला त्याचंच जास्त नवल वाटलं.

सलोमी रोज वॉर्डात बजाबाईंजवळ जाऊन बसायची. एकदा मी औषध द्यायला गेले तर ती म्हणत होती, "माझ्यामुळं गेलं ना हो बोट?"

"तुज्यामुळं कशाला? शुगर काय तू दिलीस? जल्मभर गूळ खाल्लाय मी चोरून. उगा माज्या गुळाचं पाप तू घिऊ नगंस."

कॉलेजात पिंकी बाक बदलून बसली होती. सलोमी एकटीच डबा खायची. आता हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांना दिसेल असं. मी विचारलं, "इंद्रजीत काही म्हणाला?"

"म्हणाला, आज डोकं नाही दुखत? मी म्हटलं, नाही, प्रार्थना करत होते. तो म्हणाला, बरं. मग लोणचं मागितलं."

"एवढंच?"

"एवढंच, आई."

एवढ्यासाठी पोरीनं वर्षभर कपाळ धरलं होतं! पण मोठी माणसं तरी काय वेगळं करतात? मला तिच्यावर रागावताही येईना. तिची मैत्रीण मात्र गेली होती, आणि ते तिच्या तोंडावर रोज दिसायचं. परीक्षा संपेपर्यंत पिंकी तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

एप्रिलच्या शेवटी बजाबाईंचं शेवटचं ड्रेसिंग झालं. जखम छान भरली होती. मी म्हणाले, "आजी, आता मला तोंड दाखवायला येऊ नका." तर त्या म्हणाल्या, "न्हाय येत. पन आज तरी बसा की. घास खाऊन जातो समदी." फडक्यात बांधून आणलेली शिदोरी सोडली त्यांनी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, फोडलेला कांदा. सिस्टरला आणि सिस्टरच्या पोरीला जेवू घालायचं म्हणून पहाटे उठून चुलीशी बसल्या होत्या. सलोमीला त्यांनी आदल्या दिवशीच निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. पिंकी आजीला घेऊन आली होती, पण खिडकीजवळ तोंड फिरवून बसली होती.

ड्रेसिंगच्या खोलीमागं आमची छोटी चहाची खोली आहे. तिथं जमिनीवर बसलो चौघी. बजाबाईंनी भाकरी मोडून एकेकीपुढं ठेवली. पिंकीला भूक लागली असावी, तिनं लगेच चटणीत तुकडा बुडवला. सलोमी भाकरीकडं बघत बसली होती. तिनं पिंकीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मला कळलं, कॉलेजात सगळ्यांपुढं जे जमत होतं ते हिच्यापुढं जमत नव्हतं. ज्या गोष्टीवरून हिच्या आजीचं बोट गेलं, तीच तिच्यासमोर कशी करायची?

बजाबाईंनी आपला हात भाकरीवरून मागं घेतला.

"कर की गं तुजं," त्या म्हणाल्या. "आमी थांबतो."

सलोमीनं हात जोडले आणि डोळे मिटले. आणि या वेळी मोठ्यानं बोलली. तिनं भाकरीसाठी आभार मानले, भाकरी थापणाऱ्या हातांसाठी मानले, आजींच्या पायासाठी मानले. मग पिंकीचं नाव घेतलं आणि तिथं थांबली.

मी डोळे उघडले. पिंकीनं तोंडाशी नेलेला घास परत भाकरीवर ठेवला होता.